मांडवीतील जहाजे आणि सोनपेठची सहल

कापसाची पहिली वेचणी बाजारात गेली, सोयाबीनचा हिशेब आडत्याच्या वहीतून उतरून हाती आला आणि दिवाळीचे चार दिवस सरले, म्हणजे सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी तरुण मंडळींच्या बैठकीत गोव्याच्या सहलीची भाषा सुरू होते. आणि अलीकडे या भाषेत समुद्र, देवळे व नारळी-पोफळीच्या बागा यांच्याही आधी मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजांचे नाव निघू लागले आहे, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. गोव्याला जाण्यास माझा विरोध नाही. उलट, मराठवाड्यातील माणसाने आयुष्यात एकदा तरी सवडीने गोमंतक पाहावा, अशा मताचा मी आहे. परंतु ज्या शहराची रात्र जुगाराभोवती सजविलेली आहे, त्या शहरी जाताना ‘आपण खेळावयाचे नाही’ एवढा निश्चय मनाशी बाळगणे पुरेसे होत नाही; त्या निश्चयाला संध्याकाळच्या ठरलेल्या कार्यक्रमाचा आणि पैशाच्या ठरलेल्या व्यवस्थेचा आधार नसेल, तर तो पहिल्याच रात्री ढासळतो, असे माझे सांगणे आहे.

प्रथम त्या जहाजांची कायदेशीर हकिकत पाहू. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ सालचा, आणि तो मुळात जुगारास प्रतिबंध करण्यासाठी झालेला. पुढे १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतून यंत्रांवरील खेळांना मुभा मिळाली, आणि १९९६ साली पाण्यातील जहाजांवर पत्ते, चक्र वगैरे मेजांवरच्या खेळांना परवाना देण्याची वाट मोकळी झाली. आज पणजीसमोर मांडवीत अशी सहा जहाजे उभी आहेत. ती नदीतून हलवावीत, अशी मागणी गोव्यातील नागरिक आणि ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’सारख्या संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या, सरकारे बदलली, मुदती पडल्या, त्या वाढविल्याही गेल्या, आणि जहाजे जागच्या जागी राहिली. ज्या रस्त्यालगत त्यांचे धक्के आहेत, त्या रस्त्याला दयानंद बांदोडकरांचे नाव आहे, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. मुक्त गोव्याच्या या पहिल्या मुख्यमंत्र्याने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्याच्या नावाच्या रस्त्यावर रात्री जी विद्युत्-रोषणाई दिसते, ती मला पाहवत नाही.

याहून विचार करण्यासारखी बाब निराळीच आहे. गोवा सरकारने २०१२ साली कायद्यात दुरुस्ती करून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळण्यास मज्जाव करण्याची तरतूद केली, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून ती अमलात आणली. म्हणजे ज्या दारातून गोव्याच्या शेतकऱ्याने, शिक्षकाने, कारकुनाने आत जाऊ नये असे त्याच्या स्वतःच्या सरकारला वाटले, त्याच दारी परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला आग्रहाने बोलाविले जाते. जगात इतरत्रही हाच रिवाज आहे. माँटे कार्लोच्या विख्यात कॅसिनोत मोनॅकोच्या नागरिकांस खेळता येत नाही. नेपाळमधील कॅसिनो नेपाळी प्रजेला बंद आहेत. दक्षिण कोरियात एकच कॅसिनो कोरियन माणसासाठी उघडा असून बाकीचे सर्व परदेशीयांसाठी आहेत. सिंगापूरने आपल्या रहिवाशांवर प्रवेशासाठीच जबर आकारणी बसविली आहे आणि परक्याला मात्र पारपत्र दाखविले की पुरे. ज्या वस्तूचा उत्पादक ती वस्तू आपल्या घरात येऊ देत नाही, ती वस्तू कशा प्रकारची असावी, याचे अनुमान करण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

आपल्या राज्याचे धोरण या बाबतीत अधिक सुज्ञपणाचे ठरले. त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा संमत केला होता. परंतु तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ साली सरकारने तो रद्दच करून टाकला. १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा मात्र अद्याप लागू आहे, आणि त्याच्याच आधारे आपल्या भागात तिर्रटच्या अड्ड्यांवर छापे पडतात, पंचनामे होतात, पत्ते आणि रोकड जप्त होते. आता अशी विसंगती दृष्टीस पडते की, गावाबाहेरच्या आखाड्यावर तिर्रट खेळताना सापडलेला माणूस मान खाली घालून ठाण्यात उभा राहतो, आणि तोच माणूस मांडवीच्या जहाजावर अंदर-बाहरच्या मेजाशी बसून आला, तर चारचौघांत अभिमानाने त्याची छायाचित्रे दाखवितो. परवान्याच्या कागदाने खेळाला प्रतिष्ठा आली असेल. त्यातील अंकगणित त्यामुळे बदलत नाही.

ते अंकगणित एकदा नीट पाहून घ्यावे. रूले नावाच्या चक्राला शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे असतात. समजा, एखाद्याने प्रत्येक घरावर शंभर याप्रमाणे तीन हजार सातशे रुपये लावले. कोणते तरी एक घर लागणारच. लागलेल्या घरावर पस्तीसपट, म्हणजे साडेतीन हजार, आणि लावलेले शंभर मिळून तीन हजार सहाशे परत येतात. सर्व घरे आपलीच असूनही शंभर रुपये गेले! चक्रावर शून्य एक असले तर ही गत. जेथे दोन शून्ये असतात, तेथे दोनशे जातात. तिर्रटच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून नाल काढतो ती उघड्या डोळ्यांनी दिसते. येथे नाल चक्राच्या घडणीतच बसविलेली असल्यामुळे दिसत नाही, एवढाच काय तो फरक. कोणी म्हणेल, सदतीस शेकड्यांत एक शेकडा ही काही मोठी रक्कम नव्हे. परंतु तीच रक्कम रात्रभर पुन्हा पुन्हा मेजावर मांडली जाते, आणि चरकातून पुनःपुन्हा काढलेल्या उसाचे जे होते, ते तिचे होते. त्यातच, गेलेले परत मिळविण्याच्या हव्यासाने डाव वाढत जातो. याखेरीज ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्याच्या चकत्या विकत घेतानाच त्यांच्या पूर्ण किमतीवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर बसू लागला, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो चाळीस टक्क्यांवर गेला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही हाती पडला नाही, अशी आपल्या शेतकऱ्यांची सार्वत्रिक तक्रार होती. पेरणीपासून मळणीपर्यंत ज्या एका क्विंटलसाठी घरातील सर्वांचे हात लागले, त्याचा पैसा त्या मेजावर किती मिनिटे टिकेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

‘आम्ही खेळणार नाही, नुसते पाहून येऊ,’ असे म्हणणारे पुष्कळ असतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी महाभारतातील सभापर्वाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. धर्मराजाला द्यूताचे आमंत्रण गेले, ते ‘राज्य पणाला लावावयास ये’ अशा शब्दांत गेले नव्हते. हस्तिनापुरात रत्नखचित नवी सभा बांधली होती. ती भावंडांसह येऊन पाहावी, आणि सुहृदांसमवेत चार डाव खेळून मन रमवावे, असा तो निरोप होता, आणि तो घेऊन जाणाराही विदुरासारखा सज्जन होता. सभा पाहण्यास गेलेला धर्मराज कोणत्या अवस्थेत बाहेर पडला, ते आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. मांडवीतील जहाजाच्या प्रवेशशुल्कात जेवण येते, मद्य येते, गाणे-बजावणे येते, आणि काही रकमेची खेळण्याची कूपनेही त्यातच येतात. म्हणजे पाहण्यास आलेल्या माणसाच्या हातात पहिला डाव आयोजकच ठेवतात. शिवाय एकवीस वर्षांखालील मुलांना खेळाच्या दालनात प्रवेश नाही, म्हणून जो कुटुंब घेऊन गेला असेल, त्याला मुलांना आणि बहुधा त्यांच्या आईलाही बाहेर ठेवूनच आत जावे लागते. ज्या करमणुकीच्या उंबरठ्यावर कुटुंबाची फाळणी होते, तिला सहलीत स्थान कसे द्यावे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांच्या नादाने घरदार गमावलेल्या जुगाऱ्याची व्यथा त्यात सांगितली असून, त्याला शेवटी जो उपदेश केला आहे, तो फासे टाकून देऊन शेती करण्याचा आहे. शेतीवर जगणाऱ्या आपल्या तालुक्याला हा उपदेश तीन सहस्र वर्षांनंतरही जवळचा वाटावा, यात नवल नाही.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळू. पणजीतील दिवस कोणालाही मोहात पाडत नाही. मोह असतो तो सायंकाळी सातनंतरच्या रिकाम्या वेळेचा. दिवसभर फिरून आलेली आठ-दहा माणसे, हॉटेलची खोली, खिशात उरलेले पैसे आणि ‘आता काय करावयाचे?’ हा प्रश्न, एवढी सामग्री एकत्र आली की पाय आपोआप धक्क्याकडे वळतात. म्हणून सहलीची आखणी करताना सकाळपासून नव्हे, संध्याकाळपासून सुरुवात करावी. पणजीत कांपालच्या बाजूस चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कला अकादमीची वास्तू मांडवीच्याच काठी आहे. तेथील नाटके आणि गायनाच्या बैठकी यांची पत्रिका आधी मागवून घ्यावी. केसरबाई केरकरांच्या स्मरणार्थ भरणारा संगीत समारोह तेथलाच. फोंड्याजवळच्या केरी गावच्या या गायिकेचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातील ध्वनिमुद्रिकेवरून सूर्यमालेच्या पलीकडे निघाला, हे आपल्या मुलांना तिच्या भूमीत उभे राहून सांगता येते. कार्तिकापासून गोव्याच्या गावोगावी जत्रा सुरू होतात. पेडण्याच्या बाजूस रात्रभर दशावतार रंगतो, आणि देवळांच्या मंडपांत गावकरी स्वतः मराठी संगीत नाटके उभी करतात. त्यांना ना शुल्क, ना मद्य, ना जकात. परक्या गावचा माणूस मांडी घालून बसला, तर त्याला उठ म्हणणारा तेथे कोणी नाही. आणि ज्याला काहीच जमणार नाही, त्याने रायबंदरच्या धक्क्यावरून सूर्यास्ताच्या सुमारास चोडणला किंवा दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत चढावे. लोखंडी फळी खडखडत खाली येते, दुचाक्या उतरतात, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया, शाळा सुटलेली मुले, कचेरीतून परतणारे लोक एकदम चढतात, फळी वर जाते आणि मांडवीच्या मध्यभागी वारा अंगावर येऊ लागतो. तीच नदी, तेच पाणी. खर्च म्हणाल तर चहाच्या कपाएवढाही नाही.

वाटेविषयीही दोन शब्द सांगतो. सोनपेठहून परळी, अंबाजोगाई, लातूर, सोलापूर असे करीत कोल्हापूर गाठावे, आणि आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी-बांद्यावरून गोव्यात शिरावे. सरहद्द ओलांडताच पात्रादेवी लागते. आपल्या परभणी जिल्ह्यातून आखलेला, आणि ज्याच्या भूसंपादनाविरुद्ध ठिकठिकाणचे शेतकरी उभे राहिले आहेत, तो पवनारपासूनचा शक्तिपीठ महामार्ग याच पात्रादेवीपर्यंत न्यावयाचा बेत आहे. पुष्कळांना ते नाव आता केवळ त्या महामार्गाच्या नकाशावरून माहीत झाले असेल; परंतु १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरत असताना पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळीबार केला, आणि पंजाबातून आलेला कर्नैलसिंग हा तरुण याच ठिकाणी पडला. त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांनी सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्यात नेली होती. निजामाच्या सत्तेतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या मराठवाड्याच्या माणसाला, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागलेल्या गोव्याचे दुःख दुसऱ्या कोणाहूनही लवकर कळावे. त्या स्मारकापाशी गाडी थांबविल्यावाचून पुढे जाऊ नये.

गोव्यात आपल्या ओळखीचे किती आहे, हे तेथे गेल्यावरच ध्यानी येते. मोले-सुर्लच्या अरण्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, तांबडी सुर्लचे महादेव मंदिर आहे. कदंबांच्या काळातील, बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमाराचे ते छोटेखानी देऊळ जांभ्या दगडाच्या प्रदेशात काळ्या बसाल्टमध्ये घडविलेले आहे; हा दगड घाटावरून आणला असावा, असे जाणकार मानतात. जिंतूर तालुक्यातील चारठाणा किंवा पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेले औंढा नागनाथ ज्याने पाहिले आहे, तो त्या मंडपातील खांबांवरून हात फिरवील तेव्हा त्याला परकेपणा वाटणार नाही. फोंडे महालात मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा आहे. सासष्टीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली खाडीपार प्रियोळास आणला गेला, आणि त्या देवाच्या सावलीत पुढे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी जन्मले. दिवाडीचे मूळ देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर नार्व्यास आलेल्या सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. साखळीस वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचे मंदिर आहे. जनाबाईच्या गंगाखेडाशेजारून गेलेल्या माणसाला तेथे काय वाटेल, ते मी सांगण्याची गरज नाही.

जुन्या गोव्यातील चर्चेही जरूर पाहावीत, आणि ती पाहताना एका इंग्रज पाद्र्याची आठवण ठेवावी. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्सने येथील भाषा शिकून घेऊन ओवीबद्ध मराठीत जे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. आपल्या मायबोलीचा एवढा थोर ग्रंथ ज्या भूमीत छापला गेला, त्या भूमीतून परतलेल्या माणसाला केवळ जहाजांची नावे सांगता यावीत, हे मला खरोखर लागते. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे. शिक्षकांच्या सहलीने तर तेथे अर्धा दिवस काढावाच.

राहिली पैशाची व्यवस्था. निघण्यापूर्वी वर्गणी ठरवावी, ती मंडळींपैकी ज्याच्या ‘नाही’ला वजन आहे, अशा एकाकडे खजिनदार म्हणून सोपवावी, मुक्काम पणजीच्या धक्क्यालगत न ठेवता फोंड्यास किंवा देवस्थानांच्या भक्तनिवासांत ठेवावा. रात्री प्रत्येकाच्या खिशात जितके कमी असेल, तितकी सहल सुखाची होते. मोबाइलवरून पैसे क्षणात सरकू लागल्यापासून ही काळजी अधिकच घ्यावी लागते. पैशाच्या ऑनलाइन खेळांनी गावोगाव किती घरे पोखरली, ते पाहूनच संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. त्या बंदीने सुटलेली सवय आता जहाजाच्या दाराशी जाऊन उभी राहू नये.

कॅसिनोंमुळे गोव्याला महसूल मिळतो, हजारो हातांना काम मिळते, हा युक्तिवाद मला मान्य नाही असे नाही. परंतु त्याचा विचार गोव्याच्या विधानसभेने करावयाचा आहे. सोनपेठच्या माणसाने तो महसूल भरण्याचे कर्तव्य अंगावर घेतलेले नाही. गोव्याला पैसा द्यावयाचाच असेल, तर तो खानावळीत द्यावा, काजूच्या आणि कोकमाच्या दुकानात द्यावा, गाडीवाल्याला आणि वाटाड्याला द्यावा. तो तेथील माणसाच्या घरात जातो.

माझी विनंती सहल काढणाऱ्या मंडळींना, महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांना आहे. मुलगा गोव्याला जातो म्हटल्यावर त्याला अडवू नका, धाकही घालू नका. त्याच्याबरोबर बसून संध्याकाळी कोठे, रात्री मुक्काम कोठे आणि पैसे कोणाकडे, या तीन गोष्टी गाडी निघण्याच्या आधी कागदावर लिहून घ्या.